घुमटाचा आवाज बसला, ओठ जुळेनात: आमच्या सिंगलचा अनुभव

आमच्या नव्या सिंगलमध्ये (म्हणजे सुट्या गाण्यात) डिस्टॉर्टेड गिटारखाली घुमट, म्हणजे मातीच्या भांड्यावर चामडं ताणलेलं गोव्याचं वाद्य, वाजतो, तो मला हवाच होता. पण फोंड्यात ऐन पावसात रेकॉर्डिंग, हवा इतकी दमट की घुमटाचं चामडं ढिलं पडून आवाज पार बसायचा. (पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, आता वन्यजीव कायद्यामुळे बकरीचं लावतात आणि तेच योग्य आहे.) मग प्रत्येक टेकआधी हॅलोजन दिव्यासमोर थोडं लांबून शेकवलं, ताण परत आला. तरी मिक्समध्ये घुमट आणि बेस एकमेकांवर चढत होते, तेव्हा बेसवर साइडचेन कॉम्प्रेसर लावला, म्हणजे घुमटावर थाप पडली की बेस क्षणभर खाली जातो, आणि दोन्ही स्वच्छ ऐकू यायला लागले, एवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

व्हिडिओचं दुखणं वेगळंच. फोनवर शूट केलेलं, सुरुवातीला ओठ गाण्याशी जुळायचे आणि शेवटच्या कडव्यापर्यंत सगळं सरकलेलं. कारण फोन फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपायची ते, कमीजास्त करत राहतो. हँडब्रेक नावाचं व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात कॉन्स्टंट (एकसारखा) फ्रेम रेट करून घेतला, सुटलं. ट्यूबलाइटचे पट्टे दिसत असतील तर आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. स्लो मोशनला ५० फ्रेमवर शूट, गाणं दुप्पट वेगाने लावायचं, गायकाने तसंच भरभर गायचं, मग एडिटमध्ये व्हिडिओ अर्ध्या वेगावर आणला की ओठ मूळ गाण्यावर बरोब्बर बसतात. आमच्या व्हिडिओतला सगळ्यात भारी शॉट हाच!