फोरक्लोजरची फाइल हातात घेताना : नव्या हाउसिंग काउन्सेलरसाठी

फोरक्लोजर म्हणजे घरकर्जाचे हप्ते थकल्यावर घर लिलावात काढलं जाणं. ते टाळायला घरमालकांना मदत करणारे हाउसिंग काउन्सेलर म्हणून अमेरिकेत नव्याने रुजू होणाऱ्यांना बहुधा असं वाटतं, की हे काम मुख्यतः धीर देण्याचं आहे. धीर द्यावा लागतोच. हप्ते थकलेला माणूस आधीच खचलेला असतो. पण घर वाचतं ते दोन गोष्टींवर : तारीख पाळली का, आणि कर्जात सवलत मागणारा अर्ज पूर्ण होता का. कमी उत्पन्नाच्या घरमालकाची बाजू इथेच लंगडी पडते. त्याच्याकडे वकील नसतो, दुपारी दोन तास फोनवर थांबायची मुभा नसते, आणि कुठला कागद महत्त्वाचा हे सांगणारं कुणी नसतं. ती उणीव भरून काढणं म्हणजे आपली नोकरी.

पात्रतेचं थोडक्यात. हे काउन्सेलिंग १९६८ च्या हाउसिंग अँड अर्बन डेव्हलपमेंट ॲक्टखाली चालतं. १ ऑगस्ट २०२१ पासून हडच्या (केंद्राच्या गृहनिर्माण खात्याच्या) कार्यक्रमात काम करणाऱ्या काउन्सेलरला हडचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. परीक्षेत सहा विषय येतात : पैशाचं नियोजन, घराची देखभाल, मालक आणि भाडेकरूच्या जबाबदाऱ्या, फेअर हाउसिंगचे (घराच्या बाबतीत भेदभाव रोखणारे) कायदे, परवडण्याजोगं घर, आणि थकबाकी, घर खाली करणं व फोरक्लोजर टाळणं. नुसती परीक्षा पास होऊन भागत नाही. हडच्या कार्यक्रमात सहभागी संस्थेत कामाला असावं लागतं. परीक्षेची तयारी जमते. खरं शिक्षण फायलींवर होतं.

पहिल्या भेटीत क्लायंट बऱ्याचदा न उघडलेल्या पाकिटांची पिशवी घेऊन येतो. ती टेबलावर ओता आणि त्याच्यासमोरच तीन गठ्ठे करा : सर्व्हिसरकडून (हप्ता गोळा करणाऱ्या कंपनीकडून) आलेली, कोर्टाकडून किंवा वकिलाकडून आलेली, आणि उरलेली. प्रत्येक गठ्ठा पोस्टाच्या शिक्क्याच्या तारखेनुसार लावा. तिसऱ्या गठ्ठ्यात ‘आम्ही तुमचं घर वाचवू’ छापाच्या जाहिराती असतात. त्या फेकू नका, बाजूला ठेवा. त्यांच्यापैकी कुणाला पैसे दिलेत का, हे पुढे विचारायचं आहे. सर्टिफाइड पत्र आणायला पोस्टात गेलो नाही म्हणजे नोटीस लागू झाली नाही, असा गैरसमज फार आढळतो. पत्र न घेतल्याने मुदत थांबत नाही.

मग लगेच तीन गोष्टी शोधा. लिलावाची तारीख ठरली आहे का? कर्ज कुठल्या प्रकारचं आहे? आणि डीडवर, म्हणजे घराच्या मालकीच्या कागदावर, कुणाचं नाव आहे, कर्जाच्या नोटवर, म्हणजे कर्ज फेडण्याच्या लेखी हमीवर, कुणाचं? बजेटचा तक्ता त्यानंतर. तारीख दहा दिवसांवर असेल तर त्या दिवशी बजेट करत बसणं चूक आहे. क्लायंटला थेट लीगल एडकडे, म्हणजे फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेकडे पाठवायचं. आपण वकील नाही आणि कायदेशीर सल्ला देऊ शकत नाही. चॅप्टर १३ चा, म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज लिलावाआधी दाखल झाला तर सहसा लिलाव थांबतो आणि थकबाकी ३ ते ५ वर्षांत फेडता येते. पण तो करावा की नाही हे वकीलच सांगेल.

कर्जाचा प्रकार क्लायंटला माहीत असेलच असं नाही. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जं विकत घेणाऱ्या दोन कंपन्यांच्या संकेतस्थळांवर पत्ता घालून शोधता येतं. कर्जाला एफएचए या सरकारी संस्थेचा विमा असेल तर क्लोजिंगच्या (खरेदी पूर्ण होतानाच्या) कागदांवर केस नंबर असतो. सर्व्हिसर फक्त हप्ता गोळा करतो. कर्जाचा मालक बहुधा दुसराच असतो, आणि सवलतीचे नियम त्या मालकाचे किंवा विमा देणाऱ्याचे असतात. फॅनी-फ्रेडीच्या कर्जाला पेमेंट डिफरल (थकलेली रक्कम कर्जाच्या शेवटी ढकलणं) आणि फ्लेक्स मॉडिफिकेशन (कर्जाच्या अटी बदलून हप्ता कमी करणं) आहे. मॉडिफिकेशनमध्ये मुदत ४८० महिन्यांपर्यंत ताणता येते. एफएचएकडे पार्शल क्लेम आहे : थकलेली रक्कम बिनव्याजी दुसऱ्या कर्जात बाजूला ठेवली जाते आणि घर विकताना, रिफायनान्स करताना किंवा मूळ कर्ज संपताना फेडायची असते. हे ‘माफ झालेले पैसे’ नव्हेत, हे क्लायंटकडून त्याच्या शब्दांत वदवून घ्या. नाहीतर काही वर्षांनी घर विकायला काढल्यावर त्याला धक्का बसतो. नियम सारखे बदलतात, म्हणून जुन्या नोंदींवरून कधीही उत्तर देऊ नका. २०२५ मध्ये एफएचएने कायमस्वरूपी सवलत मोजके अपवाद वगळता २४ महिन्यांत एकदाच, असं ठरवलं. माजी सैनिकांच्या व्हीए कर्जासाठीची व्हॅस्प योजना १ मे २०२५ ला नव्या अर्जांसाठी बंद झाली आणि त्याच वर्षी जुलैत पार्शल क्लेमला परवानगी देणारा कायदा झाला.

आता तारखा. रेग्युलेशन एक्स या सर्व्हिसरांसाठीच्या केंद्राच्या नियमानुसार हप्ता चुकला की सर्व्हिसरने ३६ व्या दिवसापर्यंत प्रत्यक्ष बोलण्याचा प्रयत्न करायचा असतो, ४५ व्या दिवसापर्यंत लेखी माहिती पाठवायची असते. थकबाकी १२० दिवसांहून जास्त झाल्याशिवाय सहसा फोरक्लोजरची पहिली नोटीस किंवा दावा दाखल करता येत नाही. त्याआधी सवलतीचा पूर्ण अर्ज पोहोचला तर अर्जाचा निकाल लागेपर्यंत दाखल करता येत नाही. दाखल झाल्यावरही, लिलावाला ३७ हून जास्त दिवस असताना पूर्ण अर्ज पोहोचला, तर सर्व्हिसरला ३० दिवसांत तपासावा लागतो आणि तोवर लिलाव करता येत नाही. मॉडिफिकेशन नाकारलं आणि अर्ज लिलावाच्या ९० दिवस आधी पूर्ण झालेला असेल, तर अपिलाला १४ दिवस मिळतात. पाच हजार किंवा त्याहून कमी कर्जं सांभाळणाऱ्या छोट्या सर्व्हिसरांना यातलं बरंच लागू नाही, म्हणून सर्व्हिसर कोण हे आधी पाहा.

‘पूर्ण’ या एका शब्दावर सगळं अडतं. साधारणपणे लागतं ते असं : अर्जाचा फॉर्म, अडचण कशी आली याचं पत्र, अलीकडच्या ३० दिवसांच्या पगाराच्या स्लिपा, दोन महिन्यांची बँक स्टेटमेंटं, टॅक्स रिटर्न, आयआरएसकडून (केंद्राच्या कर खात्याकडून) माहिती मागवण्याचा सही केलेला ४५०६-सी फॉर्म, आणि पेन्शन किंवा सोशल सिक्युरिटी असेल तर त्याचं पत्र. अर्ज बाद होतो तो असा : स्टेटमेंटवर ‘पान १, एकूण ४’ लिहिलेलं असतं आणि चौथं पान कोरं म्हणून क्लायंट ते देत नाही. सर्व्हिसरच्या लेखी स्टेटमेंट अपुरं, म्हणून अर्ज अपुरा. कोरी पानंही जोडा. बँक खात्यात दर महिन्याला मुलाकडून ४०० डॉलर येत असतील तर तो मदतीचा पैसा आहे की घरखर्चातला वाटा, याचं दोन ओळींचं सही केलेलं पत्र सोबत ठेवा. विचारणा येण्याची वाट पाहू नका. पगाराच्या स्लिपा महिनाभरात जुन्या होतात. अर्ज रेंगाळला तर नव्या स्लिपा मागतात आणि ते पत्र पुन्हा न उघडलेल्या पाकिटांत जातं. त्यामुळे क्लायंटला दर पगाराला स्लिपेचा फोटो पाठवायची सवय लावा.

अर्ज पाठवल्याचा पुरावा फाइलमध्ये हवाच : फॅक्सची पोच किंवा पोर्टलचा स्क्रीनशॉट, पानांच्या संख्येसह. लिलावाला ४५ दिवस किंवा जास्त असतील तर पाच कामाच्या दिवसांत सर्व्हिसरने पोच देऊन काय अपुरं आहे ते लेखी सांगायचं असतं. पत्र आलं नाही तर सहाव्या दिवशी फोन करा. बोलणाऱ्याचं नाव किंवा आयडी, वेळ आणि त्याने सांगितलेलं वाक्य नोंदवा. उत्तर चुकीचं असेल तर ‘नोटीस ऑफ एरर’, म्हणजे चूक दाखवणारं लेखी पत्र, त्यासाठी नेमलेल्या पत्त्यावरच पाठवायची. हप्ता भरायच्या पत्त्यावर पाठवलेली ग्राह्य धरली जात नाही.

एक गोष्ट नवे लोक हमखास विसरतात. हे संरक्षण एका थकबाकीत एकाच पूर्ण अर्जाला मिळतं; मधे सगळे हप्ते चुकते झाले तरच पुन्हा. क्लायंटला पुढच्या महिन्यात नोकरी लागणार असेल आणि लिलाव लांब असेल, तर आज बेरोजगारीच्या आकड्यांवर अर्ज पूर्ण करून नकार ओढवून घेऊ नका.

उत्पन्नाचं गणित हाताने करायला शिका. दर दोन आठवड्यांनी कापाकापीपूर्वीचा पगार १,१५० डॉलर असेल तर महिन्याचे २,३०० होत नाहीत. वर्षात २६ पगार, म्हणून १,१५० गुणिले २६ भागिले १२, म्हणजे २,४९१ डॉलर ६७ सेंट. हा जवळजवळ १९२ डॉलरचा फरक मंजुरी आणि नकार यांच्यामधला असू शकतो. ओव्हरटाइम असेल तर स्लिपेवरचा वर्षारंभापासूनचा एकूण आकडा आतापर्यंतच्या महिन्यांनी भागून ताडून पाहा. आकडा उगाच फुगवू नका; पेलणार नाही असा हप्ता मंजूर करून घेणं म्हणजे तेच संकट काही महिने पुढे ढकलणं.

हप्ता का थकला, याचं उत्तर पगारात सापडलं नाही तर एस्क्रो पाहा, म्हणजे मालमत्ता कर आणि विमा भरण्यासाठी सर्व्हिसर हप्त्यासोबत गोळा करतो ती रक्कम. व्याजदर ठरावीक असूनही हप्ता वाढतो, आणि क्लायंटला वाटतं बँक लबाडी करते आहे. समजा विमा वर्षाला ९०० डॉलरने वाढला. पुढच्या वर्षासाठी महिना ७५ डॉलर वाढले. मागच्या वर्षी सर्व्हिसरने खिशातून भरलेले ९०० वेगळे. ते १२ महिन्यांत वसूल करायचे तर आणखी ७५. एकदम १५० डॉलरची वाढ. अशा वेळी आधी विम्याची पॉलिसी मागवा. पॉलिसी रद्द होऊन सर्व्हिसरने स्वतःची लादली असेल तर ती सहसा बरीच महाग असते. नवी साधी पॉलिसी घेऊन तिचा पुरावा पाठवला की लादलेली रद्द होते आणि दोन्ही पॉलिसी एकाच वेळी चालू होत्या त्या काळाचे पैसे परत मिळायला हवेत. मालमत्ता करात होमस्टेड (स्वतः राहत्या घराची) किंवा ज्येष्ठांची सवलत घेतली आहे का, तेही बघा. कित्येकांनी कधी अर्जच केलेला नसतो.

अपुरा हप्ता पाठवणाऱ्यांचं दुखणं वेगळं. हजाराच्या हप्त्यापोटी सहाशे पाठवले तर सर्व्हिसर ते परत करतो किंवा सस्पेन्स खात्यात, म्हणजे हप्त्यात न धरता बाजूला ठेवतो. दोन्हीकडे थकबाकी चालूच. परत आलेला चेक खर्च होऊन जातो. त्यासाठी वेगळं खातं उघडायला लावा आणि जमेल ती रक्कम दरमहा तिथे टाकायला सांगा. सवलत पक्की होण्याआधीचे ट्रायलचे, म्हणजे चाचणीचे हप्ते सुरू झाले की हाच पैसा उपयोगी पडतो.

सगळ्यात किचकट फायली म्हणजे आई-वडील वारले आणि घर त्यांच्याच नावावर राहिलं. मुलगी तिथेच राहते, जमेल तसे हप्ते भरते, पण सर्व्हिसर तिच्याशी बोलत नाही. इथे दोन गोष्टी पाठ असू द्या. १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्यानुसार, कर्जदाराच्या मृत्यूमुळे घर नातेवाइकाकडे आलं आणि तो तिथे राहत असेल, तर केवळ त्या कारणावरून सगळं कर्ज एकरकमी मागता येत नाही. आणि २०१८ पासून लागू असलेल्या नियमांनुसार तिला ‘सक्सेसर इन इंटरेस्ट’ (घराची मालकी मिळालेली वारस) म्हणून मान्यता मागता येते. मान्यता मिळाली की सवलतीच्या अर्जासाठी ती कर्जदारच धरली जाते. सर्व्हिसरला लेखी विचारा की कोणते कागद लागतील. मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र किंवा प्रोबेटचे (वारसा ठरवणाऱ्या कोर्टाच्या कामाचे) कागद, वारसाचा पुरावा असं सहसा मागतात. बाकीची भावंडं असतील तर त्यांच्या सह्या मिळवायला वेळ लागतो, म्हणून प्रोबेटचा वकील पहिल्याच आठवड्यात गाठा.

राज्याचा कायदा तोंडपाठ हवा. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, फ्लोरिडा, इलिनॉय इथे फोरक्लोजर कोर्टातून जातं. टेक्सासमध्ये सहसा कोर्ट नसतं. लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतो आणि नोटीस किमान २१ दिवस आधीची. पेनसिल्व्हेनियात फोरक्लोजरआधीची ‘ॲक्ट ९१’ची नोटीस आली की तिच्या तारखेपासून ३३ दिवसांत काउन्सेलिंग संस्थेला भेटलं तर फोरक्लोजर तात्पुरतं थांबतं आणि राज्याच्या हीमॅप या मदतीच्या कर्जासाठी अर्ज करता येतो. फिलाडेल्फियात २००८ पासून कोर्टाचा डायव्हर्जन कार्यक्रम आहे. मालक स्वतः राहत असलेल्या घराच्या दाव्यात तडजोडीची बैठक होते आणि तिच्याआधी काउन्सेलरने प्रस्ताव तयार ठेवायचा असतो. अशा बैठकीला क्लायंट गैरहजर राहिला तर प्रकरण पुन्हा फोरक्लोजरच्या वाटेला लागतं. आदल्या दिवशी फोन करा, बस कुठली हेसुद्धा विचारा. इंग्रजी कच्चं असेल तर दुभाषी मिळवा. शाळकरी मुलाला आईबापांच्या कर्जाचं भाषांतर करायला लावू नका.

बाजूला ठेवलेल्या जाहिरातींकडे आता वळा. आपलं फोरक्लोजर काउन्सेलिंग क्लायंटला फुकट असतं. केंद्राच्या नियमानुसार, कर्जात सवलत मिळवून देणाऱ्या कंपनीने सर्व्हिसरचा लेखी प्रस्ताव आणून तो मालकाने मान्य करेपर्यंत एक पैसाही घ्यायचा नसतो. ‘हप्ते आम्हाला द्या’, ‘सर्व्हिसरशी बोलू नका’, ‘डीड तात्पुरतं आमच्या नावावर करा’ यातलं काहीही ऐकलं की त्याच दिवशी लीगल एड. डीडवर सही झाली असेल तर एक आठवडाही थांबू नका.

काही घरं ठेवता येत नाहीत. महिन्याचं उत्पन्न १,९०० आणि शक्य तितका कमी केलेला हप्ता १,३५० असेल, तर हे पहिल्या-दुसऱ्या भेटीतच स्पष्ट बोला. घराची किंमत २,१०,००० आणि कर्ज ९६,००० असेल तर मालकाच्या हातात अजून मोठी रक्कम आहे. स्वतः वेळेत विकलं तर त्यातली बरीचशी त्याला मिळते, लिलावात घर कमी भावात जाऊ शकतं आणि खर्च वाढत जातो. आशा लावून सहा महिने अर्ज करत राहणं ही दया नव्हे. लिलाव होऊन गेला असेल तरी कर्ज फिटून काही पैसे उरले का, हे कोर्टात किंवा शेरीफच्या कार्यालयात विचारायला लावा.

मंजुरीचं पत्र आलं की फाइल बंद करू नका. ट्रायलचे बहुधा तीन हप्ते असतात. त्यातला एक जरी उशिरा पोहोचला तरी सवलत रद्द होऊ शकते, म्हणून तारखेच्या पाच दिवस आधी पाठवायला सांगा आणि पोच मागा. ‘अर्ज चालू आहे’ म्हणजे लिलाव आपोआप रद्द झाला असंही नाही. सर्व्हिसरच्या वकिलाकडून, लिलाव करणाऱ्या ट्रस्टीकडून किंवा शेरीफकडून तारीख हटल्याची खातरजमा करा. शेवटचा मॉडिफिकेशनचा करार येतो त्यावर नोटरी लागते, आणि डीडवर दोन नावं असतील तर सहसा दोन्ही सह्या. वेगळं राहणाऱ्या नवऱ्याची सही मिळवायला वेळ जातो; ट्रायलचा पहिला हप्ता गेला त्याच आठवड्यात त्याला गाठायला सांगा. नव्या हप्त्याच्या पहिल्या स्टेटमेंटची प्रत मागवून करारातल्या आकड्यांशी ओळ न् ओळ ताडून पाहा, आणि पुढच्या एस्क्रो हिशेबाच्या महिन्यात क्लायंटला फोन करायची नोंद आजच कॅलेंडरात घाला.