बोका बाहेर सू करतोय? या चुका टाळा

आमचा बोका गोट्या आठ दिवस लिटर बॉक्स (त्याच्या शी-सूचा वाळूचा ट्रे) सोडून बाथरूमच्या दाराशी बसत होता. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही दोघं त्र्यंबकला लग्नाला गेलात ना, म्हणून रुसलाय." मलाही ते पटलं. दोनदा त्याच्यावर ओरडलेही. नवव्या दिवशी पांढऱ्या फरशीवर नखाएवढा गुलाबी डाग दिसला. गोट्या शेजारीच पाठीची कमान करून कुंथत होता, आणि येत होता एखादाच थेंब. एका दवाखान्यात "गॅस असेल" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या डॉक्टरांनी नुसतं पोट चाचपलं आणि लगेच नळी घालायला घेतली. मूत्राशय लिंबासारखं टणक झालं होतं.

बोक्याचा मूत्रमार्ग मुळातच अरुंद. त्यात बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकला की लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि एकदोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्यामुळे बोका वारंवार बसतोय, ओरडतोय, पण सू होत नाहीये असं दिसलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहू नका. मांजर सूड म्हणून कुठेही सू करत नाही. हे मला फार उशिरा कळलं, म्हणून आधी सांगतेय.

डॉक्टरांनी आजार नाही म्हटलं, तर मग लिटर बॉक्सकडे बघा. फ्लॅटमध्ये तो हमखास गॅलरीत, वॉशिंग मशीनला चिकटून ठेवलेला असतो. मशीन गरगरायला लागलं की मांजर तिथे फिरकत नाही. जितकी मांजरं, त्याहून एक बॉक्स जास्त हवा. आमच्याकडे बोका एकच, तरी बॉक्स दोन. वासाचं लिटर आपल्या नाकासाठी असतं, मांजराला ते नको असतं. सकाळ-संध्याकाळ गोळे काढायचे. बाहेर सू झाली तर नाक घासू नका, त्याने मांजर फक्त तुम्हाला घाबरायला शिकतं. तिथे एन्झाइमवालं क्लीनर वापरा. आणि फिनाइल बंदच करा! त्यातले घटक मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि मांजर फरशीवर चालून तेच पाय चाटतं.

पाणी हाही मोठा मुद्दा आहे. नुसत्या ड्राय फूडवरच्या मांजराच्या पोटात एकूण पाणी कमीच जातं, आणि एप्रिल-मेमधला नाशिकचा उन्हाळा काही हलका नसतो. पाण्याची वाटी खाण्याजवळ न ठेवता दुसऱ्या खोलीत ठेवून बघा. उकडलेल्या चिकनचं पाणीही खाण्यात घालता येतं, फक्त त्यात मीठ, कांदा, लसूण नको. कांदा आपल्या जिल्ह्याचा जीव की प्राण, पण मांजराच्या तांबड्या पेशी तो फोडतो, शिजवलेलाही. "मांजराला दूध नाही तर काय भाकरी घालणार?" हे सासूबाईंचं अजून चालू असतं, पण मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, जुलाब होतात.

ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल? कधीच नाही. एक गोळीही जीव घेऊ शकते. पावसाळ्यात पिसवा झाल्या तर कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका. त्यात बऱ्याचदा पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं, त्याने झटके येतात.

संक्रांतीच्या दिवसांत गच्चीवरचा मांजा घरात येतो. मांजराच्या तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. आतड्यात अडकलेला दोरा ओढला की आतडं चिरतं. तसंच डॉक्टरांकडे न्या. थंडीही त्याच सुमाराची. रात्री गाडी आली की गल्लीतली मांजरं इंजिनच्या उबेला शिरतात. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा आणि क्षणभर थांबा.