तो कंस नव्हे, कमांड आहे

पुण्यात सपोर्ट टीममध्ये लागलो तेव्हा पहिलं काम मिळालं ते किरकोळ होतं. डिस्क ९० टक्क्यांच्या वर भरली की मेल जायला हवा. पाच-सहा ओळींची बॅश स्क्रिप्ट (ओळीने चालवायच्या कमांडची फाइल) लिहिली, चालवली, तर एरर आला: ‘देन’ इथे अनपेक्षित आहे. मग अर्धा तास मी त्या ‘देन’च्याच मागे. स्पेलिंग पाहिलं, आधीचा सेमिकोलन काढला, परत घातला, शेवटी ओळ पुसून नव्याने टाइप केली. हाताला सवय तीच, त्यामुळे चूकही तीच. शेजारच्या सीनियरने मान वळवून पाहिलं आणि म्हणाला, “अरे, ‘इफ’ आणि कंसाच्या मध्ये स्पेस दे की!”

दोन्ही चिकटले की शेलला, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या बॅशला, तो एकच शब्द वाटतो. म्हणजे ‘इफ’ सुरूच झालेलं नसतं आणि ‘देन’ मात्र येऊन उभं. एरर जिथे दिसतो तिथे शेल अडखळलेला असतो. ठेच त्याला आधीच लागलेली असते. म्हणून नजर आधी मागे न्यायची.

[ हा कंस नाहीच, ती कमांड आहे. ‘टेस्ट’ या कमांडचंच दुसरं नाव. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी या नावाची फाइलसुद्धा सापडते. मला हे कळलं आणि निम्मी पाठांतरं सुटली. कमांडच्या पुढे स्पेस लागते, तशी इथेही लागते. शेवटचा ] हा तिचा शेवटचा आर्ग्युमेंट (कमांडला दिलेला शब्द), म्हणून त्याच्याही आधी स्पेस. व्हेरिएबल रिकामं निघालं तर त्याच्या जागचा आर्ग्युमेंटच गायब होतो, [ $क = "हो" ] चं [ = "हो" ] होऊन बसतं आणि ‘युनरी ऑपरेटर’ची तक्रार येते. "$क" असं अवतरणात ठेवलं की मिटलं.

‘इफ’ बंद करणारा ‘फाय’ विसरलात तर एररमध्ये बहुधा फाइलच्या अगदी शेवटाचा ओळ क्रमांक येतो, तिथे शोधून काही हाती लागत नाही. (‘इफ’ उलटं लिहून बंद करायची ही तऱ्हा बोर्न शेल लिहिणाऱ्या स्टीव्ह बोर्नने अल्गोल ६८ या प्रोग्रामिंग भाषेतून आणली.) ‘फाय’ जागेवर असूनही हाच एरर आला, तर फाइल विंडोजवर बनली होती का ते आधी विचारा. ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे न दिसणारं चिन्ह चिकटलेलं असतं. फाइल दाखवणाऱ्या ‘कॅट’ कमांडला मोठा -ए दिला की ते ^एम म्हणून दिसतं. स्क्रिप्ट न चालवता नुसती तपासायला बॅशला छोटा -एन द्यायचा. स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं शेलचेक तर मी आता डोळे मिटून वापरतो.

पण एरर येतो ती चूक परवडली. स्पेस दुरुस्त केल्यावर माझी स्क्रिप्ट बिनतक्रार चालली आणि डिस्क अर्धी रिकामी असताना दर दहा मिनिटांनी मेल यायला लागले. मी ‘पेक्षा मोठं’ यासाठीच्या -जीटी ऐवजी > लिहिलं होतं. शेलने ते रीडायरेक्शन (आउटपुट फाइलमध्ये वळवायची खूण) समजून पाळलं, अट कायम खरी ठरली आणि फोल्डरमध्ये ‘९०’ नावाची एक रिकामी फाइल पडून होती.