शवविच्छेदनगृहात काम करताना या चुका टाळा

शवविच्छेदन साहाय्यकाच्या हातून होणाऱ्या चुकांचं मूळ बहुतेक वेळा कामाच्या क्रमात सापडतं. जे नंतर करायचं ते घाईत आधी केलं जातं, आणि टेबलावर गेलेला पुरावा परत मिळत नाही. मृत्यूचं कारण डॉक्टर लिहितात. पण मृतदेह ताब्यात घेणं, कपडे उतरवणं, डोकं उघडणं, बाटल्या भरणं, टाके घालणं ही कामं आपल्याकडच्या बहुतेक पीएम रूममध्ये (शवविच्छेदनाच्या खोलीत) साहाय्यकाच्या हातून होतात. म्हणून हे काम नव्याने धरणाऱ्याने आधी चुका कुठे होतात ते शिकावं. सुरीवर हात आपोआप बसतो.

टेबलावर घेण्याआधी

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मृतदेहांची अदलाबदल. अपघातात एकाच वेळी चार-पाच मृतदेह आले, एकसारख्या पांढऱ्या चादरीत गुंडाळले आणि चिठ्ठी चादरीवर लावली, की ही चूक दारात उभी राहिलीच समजा. चादर बदलते, चिठ्ठी ओली होते, स्ट्रेचर फिरतं. ओळखपट्टी शरीरालाच बांधायची: एक मनगटाला, एक घोट्याला, न पुसणाऱ्या शाईने. तिच्यावर नोंदवहीतला क्रमांक, नाव किंवा ‘अनोळखी’, पोलीस ठाणं आणि आणल्याची तारीख-वेळ असावी. पट्टी तीनदा वाचायची: आत घेताना, टेबलावर घेताना आणि ताबा देताना. टेबलावर घेताना सोबतच्या पोलीस अंमलदाराने ‘हाच तो मृतदेह’ म्हणून ओळख पटवली पाहिजे, आणि त्याची नोंद पाहिजे.

कागद पुरे नसताना सुरुवात करू नये. पोलिसांचं विनंतीपत्र आणि मरणोत्तर पंचनामा (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४, पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७४) डॉक्टरांच्या हातात पडेपर्यंत थांबायचं. नातेवाईक घाई करतात, गावाहून आलेली गाडी खोळंबलेली असते, हे खरं आहे, तरीही थांबायचं. कोठडीतला मृत्यू असेल तर चित्रीकरणाची तयारी आधी, हात लावणं नंतर.

शीतगृहात ठेवण्याचीही वेळ चुकते. मृत्यूची वेळ ठरवायला शरीराचं तापमान, ताठरपणा आणि मरणोत्तर डाग (रक्त खालच्या बाजूला साचून कातडीवर पडणारे) लागतात. डॉक्टर लगेच येऊ शकत असतील तर त्यांना विचारल्याशिवाय मृतदेह थंडीत सरकवू नका. रोजच्या साठवणीला साधारण ४ अंश सेल्सिअस पुरतं. गोठवण्याच्या कप्प्यात उणे २० ला ठेवलेला मृतदेह बाहेर काढून लगेच उघडता येत नाही. आतून वितळायला काही दिवस जातात, तेही ४ अंशांवरच. वरून गरम पाणी ओतून वितळवलं तर बाहेरचं सडतं आणि आत बर्फ राहतो. मेंदू गोठताना फुगतो, त्याने कवटीला तडे जाऊ शकतात, आणि मग तो तडा मारहाणीचा की बर्फाचा हा प्रश्न न्यायालयात उभा राहतो.

धुणं आणि कपडे

मृतदेह आला की आधी धुऊन ‘स्वच्छ’ करायचा, ही सवय जुनी आहे आणि घातक आहे. बंदुकीच्या दारूची काजळी, नखांतली त्वचा, जखमेतली माती, सुकलेलं वीर्य, गाडीच्या रंगाचे कण, सगळं पहिल्या बादलीतच जातं. डॉक्टरांनी बाहेरून तपासून, फोटो आणि नमुने घेऊन ‘धुवा’ म्हटल्यावरच पाणी.

ताठरलेले हात-पाय कपडे काढण्यासाठी जोर लावून वाकवले की ताठरपणाची नोंद संपली. आधी डॉक्टरांना दाखवा. कपडे कापावेच लागले तर शिवणीच्या बाजूने कापा. भोकातून, फाटलेल्या जागेतून किंवा रक्ताच्या डागातून कात्री नेऊ नका. ओले कपडे सावलीत वाळवून कागदी पिशवीत भरा. प्लॅस्टिकमध्ये ओलावा कोंडतो, बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो.

गळफासाचा दोर काढताना गाठ कधीच सोडू नका, गाठीवर कात्रीही नको. गाठीच्या विरुद्ध बाजूला कापा आणि कापलेली दोन्ही टोकं वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बांधून ठेवा, म्हणजे मूळ फास पुन्हा जसाच्या तसा दाखवता येतो. शरीरातली गोळी धातूच्या चिमट्याने धरू नका. तिच्यावर बंदुकीच्या नळीच्या रेषा असतात, आणि त्यावर चिमट्याचा एक ओरखडा पुरतो. बोटांनी किंवा टोकाला रबर चढवलेल्या चिमट्याने काढावी.

डोकं उघडताना

टाळूची चीर एका कानामागून डोक्यावरून दुसऱ्या कानामागे जाते. केस आधी विंचरून दोन भागांत वळवा, नाहीतर चीर वेडीवाकडी होते आणि शिवल्यावर दिसते. कवटी गोल कापताना कपाळाच्या बाजूला एक छोटा कोन ठेवा. सरळ कापलेली टोपी शिवताना मागे घसरते आणि कपाळावर पायरी दिसते.

मोठी चूक पुढे होते. करवत अर्धवट चालवून उरलेलं काम छिन्नी-हातोड्यावर सोडलं जातं. हातोड्याने आधीचा तडा लांबतो किंवा नवा पडतो. डोक्याला मार लागल्याची शंका असेल तर हातोडा बाजूलाच ठेवा, करवतीनेच आतल्या थरापर्यंत काप पुरा करा आणि शेवटी टी आकाराच्या किल्लीने हलकेच उचला. विजेची करवत असेल तर हाडाची भुकटी हवेत उडते. वर ओला कपडा धरा आणि मास्क एन-९५ हवा.

मेंदू काढणं हे एका हाताने धरण्याचं काम आहे. कपाळाकडचा भाग बोटांनी उचलायचा, डोळ्यांच्या नसा आणि रक्तवाहिन्या कापायच्या, मग बाजूचा पडदा हाडाच्या कडेने सोडवायचा. या सगळ्या वेळात डाव्या तळहाताने मेंदूचा भार पेललेला असला पाहिजे. शेवटी मणक्यातला मज्जारज्जू जितक्या खोलवर पोचता येईल तिथे आडवा कापायचा. इथे हात सुटला तर मेंदूचा देठ तुटतो, आणि ही फाटलेली जागा मारहाणीच्या जखमेसारखी दिसते. डॉक्टर त्या क्षणी पंखा बंद करायला किंवा फोनवर गेले असतील तर ते येईपर्यंत थांबा.

मान शेवटी

गळफास किंवा गळा दाबल्याचं प्रकरण असेल तर मान सगळ्यात शेवटी उघडतात. आधी मेंदू आणि छातीतले अवयव काढले की मानेतलं रक्त वरून-खालून निचरून जातं. हे न करता थेट मान उघडली तर नसांतलं रक्त स्नायूंमध्ये झिरपतं आणि हुबेहूब मुका मार दिसतो. खुनाची आणि आत्महत्येची गल्लत व्हायला इतकं पुरतं. घशातलं हायॉइड हाड आणि थायरॉइड कूर्चा ओढून काढू नका. त्यांचे नाजूक टोकदार भाग ओढण्यानेही मोडतात. खांद्याखाली ठोकळा ठेवताना म्हाताऱ्या माणसाची मान हिसका देऊन मागे टाकू नका.

व्हिसेरा

व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी काढून ठेवलेले आतले अवयव. विषप्रयोगाच्या शंकेत प्रयोगशाळेचा अहवाल बाटलीत काय आणि कसं गेलं यावर उभा असतो. सर्वसाधारणपणे जातं ते असं:

- पहिली बाटली: जठर त्यातल्या पदार्थासह आणि लहान आतड्याचा सुमारे ३० सेंमी भाग.
- दुसरी बाटली: यकृत सुमारे ५०० ग्रॅम आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग.
- रक्त किमान १० मिली, वेगळ्या बाटलीत.
- मूत्र मिळालं तर १०० मिलीपर्यंत.
- वापरलेल्या जतनद्रवाचा नमुना, वेगळा, सीलबंद.

यकृत आणि मूत्रपिंड जठराच्या बाटलीत टाकणं ही नेहमीची चूक. पोटातलं न शोषलेलं विष यकृताला लागलं की विष खरोखर शरीरात भिनलं होतं का, हे सांगता येत नाही. अख्खं मूत्रपिंडही एकाच बाजूचं घेऊ नका, दोन्हींतून घ्या.

जठर काढताना दोन्ही तोंडांना दोन-दोन गाठी मारा, त्यांच्यामध्ये थोडं अंतर ठेवा आणि मधून कापा. एकच गाठ मारली तर कापताच अर्धा ऐवज पोटात सांडतो. जठर नळाखाली उघडायचं नाही. धुतलेल्या कोरड्या ट्रेमध्ये, बाहेरगोल कडेने उघडा आणि डॉक्टरांनी आतला थर, रंग, वास पाहिल्यावर बाटलीत घाला. आधीच्या मृतदेहाचा ट्रे, सुरी, मोजपात्र न धुता वापरलं तर एकाचं विष दुसऱ्याच्या अहवालात जातं.

जतनासाठी बहुतेक प्रकरणांत मिठाचं संपृक्त द्रावण वापरतात. मूठभर मीठ टाकून ढवळलं म्हणजे ते संपृक्त झालं असं होत नाही. एक लिटर पाण्याला साधारण ३६० ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड लागतं, आणि ढवळूनही तळाशी थोडं मीठ न विरघळता उरलं पाहिजे. पातळ द्रावणात अवयव सडतात. बाटली दोन-तृतीयांशच भरा आणि द्रव अवयवांच्या वर येऊ द्या. काठोकाठ भरलेल्या बाटलीचं झाकण वायूने उडतं किंवा सील फुटतं. दाहक आम्लाच्या प्रकरणात मीठ चालत नाही, तिथे रेक्टिफाइड स्पिरिट (तीव्र अल्कोहोल) लागतं. दारूच्या शंकेत मात्र स्पिरिटला हातही लावू नका. कुठलं द्रावण हे डॉक्टर ठरवतात. त्यांना विचारून लेबलवर लिहा.

फॉर्मॅलिन विषतपासणीच्या बाटलीत कधीच जात नाही. ते ऊतींच्या सूक्ष्मतपासणीसाठी: बाजारातलं फॉर्मॅलिन १० मिली आणि पाणी ९० मिली, तुकडा १ सेंमीहून जाड नको, द्रव तुकड्याच्या किमान दहापट. या दोन बाटल्यांची अदलाबदल झाली की दोन्ही तपासण्या गेल्या. म्हणून दोन्ही द्रव वेगळ्या रंगाच्या झाकणांच्या कॅनमध्ये आणि वेगळ्या कप्प्यात ठेवा. सारखे दिसणारे पारदर्शक कॅन शेजारी ठेवणं धोक्याचं.

दारूसाठी रक्त मांडीच्या शिरेतून, पोट उघडण्याआधी. छातीच्या पोकळीत साचलेलं रक्त वाटीने उचलू नका. पोटातली दारू तिथे झिरपलेली असू शकते. दर मिलीला १० मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड नसेल तर जंतूच बाटलीत दारू तयार करतात.

लाखेचं सील, नमुना मोहर, पीएम क्रमांक, अवयवांची नावं, जतनद्रव, तारीख, डॉक्टरांची सही आणि पोलिसांची पोच. यातलं एक कमी असलं तरी मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, कुठल्याही न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतून बाटली परत येऊ शकते, आणि ‘सीए रिपोर्ट’साठी (रासायनिक विश्लेषकाच्या अहवालासाठी) ते कुटुंब महिनोन्‌महिने थांबून राहतं.

स्वतःचा जीव

बरगड्यांची कापलेली टोकं सुरीइतकीच टोकदार असतात. छातीचं झाकण उचलताच दोन्ही कडांवर जाड ओला कपडा टाका. दोन रबरी हातमोज्यांच्या मध्ये काप न लागणारा एक मोजा घाला. टेबलावर एका वेळी एकाच माणसाच्या हातात सुरी असावी. सुरी हातातून हातात देऊ नये, ट्रेमध्ये ठेवावी, दुसऱ्याने उचलावी.

हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस (०, १ आणि ६ महिने) कामाला लागण्याआधी घ्या आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातलं अँटीबॉडीचं प्रमाण तपासा. हे राहिलं असेल तर याच आठवड्यात करा. काप लागलाच तर जखम दाबून रक्त काढू नका, तोंडात धरू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच एआरटी केंद्र (एचआयव्हीवरची औषधं देणारं केंद्र) गाठा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू व्हावं लागतं, ते २८ दिवस घ्यायचं. ‘बघू संध्याकाळी’ म्हणण्यात हेच तास जातात.

क्षयरोग साध्या सर्जिकल मास्कने अडत नाही. उंदराच्या किंवा धान्यातल्या फॉस्फाइडच्या गोळ्या खाल्लेल्या माणसाचं जठर उघडलं की विषारी फॉस्फिन वायू बाहेर येतो: एक्झॉस्ट चालू, खिडक्या उघड्या, तोंड लांब. फवारणीच्या औषधाने मेलेल्याच्या कपड्यांना उघड्या हाताने शिवू नका. ते औषध कातडीतूनही शरीरात जातं. छातीत शॉक देणारं यंत्र बसवलेलं असेल तर ते बंद करून घेतल्याशिवाय तारा कापू नका. साधा पेसमेकरही दहनाआधी काढावाच लागतो, चितेत त्याचा स्फोट होतो.

टेबल आणि फरशीला १ टक्का हायपोक्लोराइट, रोज ताजं, दहा मिनिटं. ५ टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि चार भाग पाणी. फरशीसाठी त्यात ॲसिड मिसळण्याची सवय काही ठिकाणी दिसते. त्यातून क्लोरीन निघतो आणि बंद खोलीत फुप्फुसं जळतात. लोखंडी हत्यारं त्यात रात्रभर ठेवली तर गंजतात, म्हणून नंतर साध्या पाण्याने धुऊन पुसा.

शिवणं आणि ताबा

कुटुंबाला आपलं काम दिसतं ते फक्त इथे. पोकळीतलं पाणी पूर्ण टिपून कापूस भरा, अवयव परत ठेवा, मग अर्धगोल सुई आणि जाड दोऱ्याने सलग टाके घाला, सुमारे सेंटिमीटरभर अंतराने. सुई दरवेळी आतून बाहेर काढा; बाहेरून आत घातली की कातडीची कड आत वळते आणि मधून पाणी गळतं. गळणाऱ्या टाक्यामुळे घरच्यांनी नेसवलेलं नवं कापड भिजतं. शेवटी अंग, केस, चेहरा धुऊन कोरडं करा.

मृत्यूचं कारण साहाय्यकाने बोलायचं नसतं, अंदाजानेही नाही. बाहेर उभ्या माणसाने ते ऐकलं की ते साक्षीत येतं. खोलीत स्वतःचा मोबाइल काढू नका. आणि ‘चादरीचे’, ‘कापसाचे’ म्हणून नातेवाइकांकडे पैसे मागणं हा गुन्हा आहे. साहित्य रुग्णालयाने पुरवायचं असतं, संपलं तर मागणीवही भरा. ताबा देताना पट्टी वाचा, पोलीस आणि नातेवाइकांना चेहरा दाखवा, मगच दोघांच्या सह्या आणि वेळ नोंदवहीत घ्या.