प्रूफ नाणी: पारख, खरेदी आणि जतन

प्रूफ नाणे बाजारात फिरण्यासाठी पाडलेले नसते. त्यासाठी साचे आणि कोऱ्या चकत्या आधी चकचकीत केल्या जातात आणि प्रत्येक चकतीवर जास्त दाबाने एकाहून अधिक वेळा ठसा मारला जातो. म्हणून त्याचा मोकळा भाग आरशासारखा लखलखतो आणि उठावातील चित्र दुधी दिसते. नाण्याचे मोल या पृष्ठभागात आहे, आणि त्यावर पडलेला चरा कशानेही भरून निघत नाही.

नव्या संग्राहकाने पहिली खरेदी सरकारी टाकसाळीकडूनच करावी. एकाच स्मारक नाण्याचे ‘प्रूफ’ आणि ‘यूएनसी’ (अनसर्क्युलेटेड, म्हणजे न वापरलेले पण प्रूफसारखे न पाडलेले) असे दोन प्रकारचे संच विकले जातात, तेव्हा मागणी नोंदवताना नेमका शब्द वाचून घ्यावा. लोकमान्य टिळकांच्या जन्माच्या दीडशे वर्षांनिमित्त निघालेल्या संचासारखे जुने संच मात्र विक्रेत्यांकडेच शोधावे लागतात. तेथे प्रथम टाकसाळीची खूण पाहावी: मुंबईच्या चलनी नाण्यांवर सालाखाली पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराचा ठिपका असतो, तर प्रूफ नाण्यांवर १९९६ पासून ‘एम’ आणि त्यापूर्वी ‘बी’ हे अक्षर आढळते. मग नाणे एकाच दिव्याखाली धरून हळूहळू तिरपे करावे. कोणी ते कधीकाळी पुसले असेल, तर आरशासारख्या भागावर केसाएवढ्या बारीक रेषांचे जाळे चमकून उठते. असे नाणे कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाणे शक्यतो कॅप्सूलमधून, म्हणजे त्याच्या पारदर्शक प्लास्टिकच्या डबीतून, बाहेर काढूच नये. काढावेच लागले, तर सुती हातमोजे घालून, खाली मऊ कापड पसरून, फक्त कडेला धरावे आणि त्यावर वाकून बोलू नये, कारण थुंकीच्या सूक्ष्म थेंबांचे पुढे काळे ठिपके होतात.

आपल्याकडे खरा शत्रू दमट हवा आहे. १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीच्या दहा रुपयांच्या नाण्यात ८० टक्के चांदी होती. अलीकडच्या ३५ ग्रॅम वजनाच्या, ४४ मिलिमीटर व्यासाच्या शंभर रुपयांच्या नाण्यांत ती ५० टक्के असून दमट हवेत लवकर डागाळणारे तांबेच ४० टक्के आहे. त्यामुळे मुंबई, कोकण आणि गोव्यातील संग्राहकांनी ही नाणी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत आणि पावसाळ्यात पुड्या वेळोवेळी बदलाव्यात. डब्यात रबरबँड, लोकर किंवा वर्तमानपत्राचा कागद ठेवू नये. रबर आणि लोकर यांतील गंधकाने चांदी काळवंडते. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत कालांतराने नाण्यावर हिरवट, चिकट थर चढतो, म्हणून मायलारची (पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मची) पाकिटे किंवा कडक कॅप्सूल वापरावीत.

काळवंडलेले नाणे चिंच, रांगोळी किंवा पितांबरीने घासण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. लक्ष्मीपूजनाला चांदीचे नाणे हवे असल्यास वेगळे ठेवावे. प्रूफ नाण्याला हळदीकुंकू लावू नये. पीव्हीसीचा चिकट थर तेवढा शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणे बुडवून, न घासता, काढता येतो. हे काम खिडक्या उघडून आणि आगीपासून दूर करावे.

टाकसाळीचे मूळ वेष्टन, माहितीपत्रक आणि खरेदीची पावती नाण्याबरोबरच जपावी, कारण संच विकताना ग्राहक त्यांची विचारणा करतो.