मास्टमध्ये गुंडाळणारं शीड: सोलापुरातून निघण्याआधीची तयारी

भाड्याने मिळणाऱ्या चाळीस फुटांच्या आसपासच्या बोटींवर मोठं शीड, म्हणजे मेनसेल, बऱ्याचदा मास्टच्या, म्हणजे डोलकाठीच्या, पोटातच गुंडाळलेलं असतं. ग्रीसला किंवा क्रोएशियाला जायचं ठरवलं असेल तर असलीच बोट वाट्याला येईल असं धरून चाला. सोलापूरहून समुद्र लांब, त्यामुळे आपल्याला बोटीवर सराव मिळणार तो तिथे पोचल्यावरच. पण या शिडाची निम्मी तयारी इथे गच्चीवर होते. लायसन्स, विमा, व्हिसा यांची यादी वेगळी. ही फक्त शीड अडकू नये म्हणून.

आधी आतली रचना डोक्यात पक्की करा. मास्ट पोकळ असतो आणि त्याच्या मागच्या अंगाला वरपासून खालपर्यंत एक अरुंद फट असते. आत एक उभी दांडी असते आणि शिडाची पुढची कड तिला जोडलेली असते. फर्लिंग लाइन, म्हणजे गुंडाळायची दोरी, ओढली की दांडी फिरते आणि शीड आत जातं. आउटहॉल, म्हणजे बाहेर काढायची दोरी, ओढला की शिडाचा मागचा कोपरा बूमवरून (शिडाच्या तळाशी असलेल्या आडव्या वाशावरून) मागे सरकतो आणि शीड बाहेर येतं. फटीत जागा एका थराची, फार तर त्याहून जराशी जास्त. कापडाला एक घडी पडली की एकाचे तीन थर होतात, आणि तीन थर त्या फटीतून येत नाहीत. सगळं दुखणं एवढंच आहे. शीड अडकलेलं कळतं सकाळी उघडताना, पण ते बिघडलेलं असतं आदल्या संध्याकाळी गुंडाळताना. सोलापूरच्या पूर्व भागात कापडाच्या कारखान्यांत बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, भरताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको: भरताना ताण सैल पडला, तर ते बीम मागावर चढल्यावर रडवतं.

म्हणून पहिलं काम गच्चीवरचं. चार इंची पीव्हीसी पाइपचा मीटरभर तुकडा घ्या आणि ग्राइंडरने त्याला लांबीभर एक चीर पाडून घ्या. आत पडद्याचा रॉड, रॉडला टेपने चिकटवलेली जुनी पातळ चादर. (सोलापुरी चादर यासाठी नको, ती बॅगेत भरा, बोटीवर रात्री गारठा असतो.) एकाने रॉड फिरवायचा, दुसऱ्याने चादरीचा कोपरा हलका ताणून धरायचा. चादर गुळगुळीत आत जाते आणि तशीच बाहेर येते. आता कोपरा सोडून द्या आणि नुसता रॉड फिरवा. आत चोळामोळा होतो, आणि बाहेर ओढायला गेलात की चिरेशी एक जाड गाठोडं येऊन बसतं. जोर लावा, ते आणखी घट्ट होतं. रॉड थोडा उलटा फिरवा, मग सुटतं. बरोबर येणाऱ्या प्रत्येकाला हे एकदा स्वतःच्या हाताने करू द्या. व्हिडिओ बघून मान डोलावणारे लोक बोटीवर नेमके दोरी सोडून देतात.

दुसरं काम बोटवाल्यांना मेल पाठवण्याचं. शीड किती जुनं आहे ते विचारा. जुनं कापड मधे पोट सोडतं, मग ते पोट गुंडाळीत मावत नाही आणि तिथेच सुरकुत्या पडतात. शिडात उभ्या पट्ट्या, म्हणजे बॅटन, आहेत का हेही विचारा. असतील तर त्यांच्या कप्प्यांपाशी जाडी वाढते, तिथे जास्त जपावं लागतं. विंच, म्हणजे दोरी ओढायचा फिरता रूळ, हाताचा की बटणाचा? बटणाचा असेल तर मला तरी तो शत्रूच वाटतो. हाताच्या विंचवर शीड अडलं की मनगटाला लगेच कळतं. विजेच्या विंचला काही कळत नाही, तो कापड फाडूनही ओढतच राहतो.

बॅगेत थोडंसंच घ्यायचं: दोन रंगांची इन्सुलेशन टेप, शिडाला ठिगळ लावायची चिकट टेप, मऊ हातमोजे, लहान दुर्बीण, कोरडा सिलिकॉन किंवा टेफ्लॉन स्प्रे. स्प्रेचा डबा विमानात नेता येत नसेल तर तिकडेच घ्या. तेल आणि ग्रीस मात्र फटीवर लावू नका, त्याला धूळ आणि मीठ चिकटतं. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी कोणी सांगायची गरज नाही, ती येतेच.

बोट ताब्यात घेताना घाई करू नका. बोटवाल्याचा माणूस गॅस आणि संडासाचा पंप दाखवून निघायच्या बेतात असतो. त्याला थांबवा आणि वारा पडलेला असेल तर धक्क्यालाच शीड पूर्ण बाहेर काढायला लावा. पुढच्या कडेला आडव्या सुरकुत्या दिसल्या तर हॅलयार्ड, म्हणजे शीड वर ओढून धरणारी दोरी, ढिला आहे, कडेला समांतर उभी घडी दिसली तर तो फार ताणला आहे. मागच्या कडेतून दोरीचं टोक लोंबतंय का, उन्हापासून बचावाच्या पट्टीची शिवण उसवली आहे का, हे दुर्बिणीने वरपर्यंत बघा. काही मास्टवर खाली रॅचेटची, म्हणजे दांडी एकाच दिशेला फिरू देणारी, कळ असते; कुठल्या बाजूला केल्यावर दांडी मोकळी फिरते ते विचारून तिथेच टेपवर लिहा. विंचचं हँडल लावून दांडी हाताने फिरवायची सोय असेल तर तीही दाखवायला सांगा. मग त्याच माणसाकडून शीड आत घ्यायला लावा आणि बूम किती उचलली ते पाहा. साधारण मास्टशी काटकोन, पण नेमकी जागा प्रत्येक बोटीची वेगळी. बूम फार खाली असेल तर मागची कड ताणते आणि तळ सैल पडतो. फार वर असेल तर उलटं. गुंडाळी वरपासून खालपर्यंत सारखी बसली की बूम धरणाऱ्या दोरीवर लाल टेप गुंडाळा. पुढचा आठवडा त्या टेपवर चालतो.

गुंडाळताना कामं वाटून द्या. सुकाणूवरचा माणूस इंजिन चालू करून बोट वाऱ्याकडे वळवतो, पण अगदी नाकासमोर नाही, जराशी बाजूला. अगदी समोर घेतली तर शीड फडफडून घड्या पाडतं, फार बाजूला राहिली तर शीड वाऱ्याने भरतं आणि फटीच्या कडेवर घासतं. कुठल्या बाजूने वारा घेतला तर कापड सरळ आत जातं हे दांडीच्या फिरण्यावर अवलंबून असतं. पहिल्याच दिवशी खालून बघून नोंद करा. मेनशीट, म्हणजे बूम आत-बाहेर करणारी दोरी, ढिली, बूमला खाली खेचणारा किकर ढिला, बॅकस्टे, म्हणजे मास्टला मागून धरणारी तार, ताणलेला असेल तर तोही ढिला, कारण वाकलेल्या मास्टमध्ये दांडी सरळ फिरत नाही. एक जण फर्लिंग लाइन ओढतो. दुसरा आउटहॉल सोडतो, पण विंचवर एक वेढा ठेवून, हाताला ताण लागेल असा. आउटहॉलचं काम सगळ्यांत नवख्या माणसाला देतात कारण ते सोपं दिसतं. ते सगळ्यांत शांत माणसाला द्या. तिसऱ्याने मास्टपाशी उभं राहून फटीकडे बघायचं, आणि सुरकुती आत जाताना दिसली की “थांबा” म्हणायचं. मग हातभर बाहेर काढून पुन्हा आत.

उघडण्याआधी फर्लिंग लाइन एकदा ओढून आतली गुंडाळी घट्ट करा. मग आउटहॉल ओढताना फर्लिंग लाइन पूर्ण सोडून देऊ नका, हातातून ताणत जाऊ द्या. दांडी भरकन फिरली तर शीड बाहेर यायच्या आधी आतच सैल होतं आणि मास्टच्या भिंतींना जाऊन भिडतं.

एवढं करूनही अडकलंच, तर पहिली गोष्ट म्हणजे ओढणं बंद. आउटहॉल ढिला करून दोन-तीन वेढे आत घ्या, घट्ट करा, पुन्हा थोडं बाहेर. असं आत-बाहेर करत बहुतेक घड्या सुटतात. नाही सुटली तर बूम वीतभर वर-खाली करून बघा, मग वाऱ्याची बाजू बदलून बघा. घडी हाताच्या अंतरावर असेल तर फटीपाशी कापड दोन्ही हातांनी धरून खाली-मागे छोटे हिसके द्या. स्क्रूड्रायव्हर घालू नका, शिडाला भोक पडतं. वर चढायची वेळ आली तर ती बंदरात, वारा नसताना, दोन स्वतंत्र दोऱ्या लावून; समुद्रात लाटेवर मास्टचं टोक किती झुलतं याचा खालून अंदाज येत नाही.

शीड अर्धवट बाहेर राहिलं आणि वारा वाढतोय, आत जात नाही, बाहेरही येत नाही, अशा वेळी मेनशीट सोडून शिडातला वारा काढा आणि इंजिनवर जवळच्या आडोशाला जा. तिथे सुट्या हॅलयार्डने बाहेरचं कापड मास्टभोवती वेढून बांधता येतं. मरीनात बोट लावायच्या आधी बोटवाल्यांना फोन करा, घडीचा फोटो पाठवा आणि काय काय करून झालं ते सांगा. अनामत रकमेचा विषय निघाला तर हा फोटो आणि पहिल्या दिवशी धक्क्यावर काढलेला शिडाचा फोटो शेजारी ठेवता येतो.