सोलापूरच्या सौर प्रारणाचा ताशी अंदाज कसा बांधावा

सोलापूरसाठी पुढच्या तासाच्या सौर प्रारणाचा (जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेचा) अंदाज बांधायचा असेल, तर नासाच्या पॉवर प्रकल्पातून प्रारण, तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याचा ताशी डेटा विनामूल्य उतरवून घ्यावा. पहिली काळजी घड्याळाची: डेटा जागतिक वेळेत असल्यास त्यात साडेपाच तास मिळवावेत. शिवाय सोलापूर प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला सुमारे ६.६ अंश असल्याने तिथली मध्यान्ह सरासरी १२ वाजून २६ मिनिटांच्या आसपास होते, हेही ध्यानात ठेवावे.

रात्रीच्या नोंदी वगळाव्यात, कारण त्यांच्यामुळे अंदाजातली चूक उगाच कमी दिसते. अंदाज बांधणाऱ्या संगणकीय मॉडेलला थेट वॅटचे आकडे न देता, निरभ्र आकाशात अपेक्षित असलेल्या प्रारणाशी प्रत्यक्ष प्रारणाचे गुणोत्तर शिकवावे. म्हणजे सूर्याच्या उंचीचा हिशेब खगोलगणित सांभाळते आणि मॉडेलकडे मुख्यतः ढगांचा प्रश्न उरतो. माझ्या मते खरा फायदा याच पायरीत आहे. पायथन या संगणकीय भाषेतल्या पीव्हीलिब या सौरऊर्जेच्या सॉफ्टवेअर-संचात हे गणित तयार मिळते.

सुरुवातीला मॉडेल म्हणून रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचे अंदाज एकत्र करणारी पद्धत) पुरेसे आहे. नोंदींची सरमिसळ न करता शेवटचे पूर्ण वर्ष चाचणीसाठी राखावे आणि पावसाळ्यातली चूक वेगळी मोजावी. मागच्या तासाचे गुणोत्तर जसेच्या तसे पुढे धरण्यापेक्षा मॉडेल सरस ठरत नसेल, तर ते वापरू नये.